धारेचा हिशेब

कटिंग टूलची गरज नगांवर नव्हे, धारांवर मोजायची असते. सीएनएमजी आकाराच्या कार्बाइड इन्सर्टला चार धारा असतात, डब्ल्यूएनएमजीला सहा. जॉबला तीन मिनिटे कटिंग लागत असेल आणि धार पंधरा मिनिटे टिकत असेल, तर एका धारेत पाच जॉब निघतात. ५०० जॉबना १०० धारा, म्हणजे चार धारांचे २५ इन्सर्ट. डबे बहुधा दहा-दहाचे, म्हणून तीन मागवायचे. वरचे पाच तुटफुटीत जातात. रफिंगमध्ये एक कोपरा उडाला की खालचाही बऱ्याचदा सोबत जातो.

यातली ‘पंधरा मिनिटे’ मात्र टर्नरच्या हातात असतात. फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या सूत्रात कार्बाइडसाठी घातांक ०.२५ धरला, तर वेग २० टक्के वाढवताच धारेचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यामुळे कॅटलॉगपेक्षा आपल्या लेथशेजारच्या वहीतला आकडा भरवशाचा.

नाते-महाड पट्ट्यातल्या वर्कशॉपला ५०० जॉबची ऑर्डर क्वचितच मिळते. महाडच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने अधिक, त्यामुळे काम दुरुस्तीचे: पंपाचा शाफ्ट, स्लीव्ह, फ्लँज, एखाद-दुसरा नग, तोही अनेकदा ३१६ स्टेनलेसचा. हा धातू कापताना कडक होतो, उष्णता धारेपाशीच साठवतो. इथे जॉबनिहाय गणित चालत नाही. धातू आणि ऑपरेशन यांनुसार महिन्याचा खप लिहावा लागतो. टॅपला तर झिजेचा हिशेबच लावू नये. तो झिजण्याआधी भोकात तुटतो, म्हणून नेहमीच्या मापाचा एक जादा हवाच.

मग प्रश्न माल येण्याचा. आठवड्याला चार इन्सर्ट लागतात आणि पुण्याहून माल आठवड्यात येतो, तर चार उरले की मागणी द्यायची, वर थोडी राखीव. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला, वळसा पडला, तीन आठवडे लागतील असे धरले, की तोच आकडा बारा होतो. ही भर मे महिन्यातच घालावी. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले होते. म्हणून होल्डर आणि एचएसएसचे बिट तेल लावून वरच्या फळीवर ठेवणे हाही नियोजनाचाच भाग. कारखान्याच्या शटडाऊनची तारीख मेंटेनन्सवाल्यांकडून आधी कळली, तर वाढीव खपाचीही सोय होते.

ताळा घ्यायला भंगाराचा डबा पुरतो. कार्बाइड किलोवर विकण्यापूर्वी तो उपडा करावा: दोन धारा कोऱ्या असलेले इन्सर्ट त्यात निघाले, तर खरेदी वाढवायची गरज नाही.