नांवांतली मदिरा

शब्दांची व्युत्पत्ति सांगण्याचा छंद मला फार जुना. सूत्रांना कंटाळलेला वर्ग शब्दाची गोष्ट निघाली कीं मान वर करतो. 'मेथिल' हा माझा आवडता शब्द. एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन, एवढाच हा अणुगट. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ड्यूमा व पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनीं लाकूड भट्टींत तापवून मिळणाऱ्या द्रवाचा अभ्यास केला. ग्रीक 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड. या दोहोंवरून त्यांनीं 'मेथिलीन' हें नांव घडविलें. 'मेथिल' त्याच्यावरूनच आलें. हा 'मेथु' आपल्या 'मधु'चा भाऊबंद, असें सांगितलें कीं वर्ग खूष होई.

मागच्या पावसाळ्यांत असाच तास आटोपून मी प्रयोगशाळेंत आलों. दाराआडून सारें ऐकलेल्या हमालानें परीक्षानळ्या धुतां धुतां विचारलें, "सर, ही लाकडाची दारू पितां येते का हो?"

मी हंसलों, पण तें हंसें क्षणांत मावळलें. 2015 च्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्या दारूंत मेथिल अल्कोहोलच होतें. पिण्याच्या दारूंतलें एथिल अल्कोहोल आणि हें, यांत अंतर एका कार्बनाचें व दोन हायड्रोजनांचें. पण मेथिलाचें शरीरांत फॉर्मिक आम्ल होतें, आणि तें आधीं डोळे नेतें, मग प्राण.

शब्दाचा व्यवहार तर अधिकच फसवा. रसायनज्ञ एखाद्या पदार्थाला 'मेथिलेटेड' म्हणतो, तेव्हां त्याच्या रेणूला मेथिल गट जोडलेला असतो. 'मेथिलेटेड स्पिरिट' या नांवांत मात्र जोडणी नाहीं, नुसती भेसळ आहे: कोणी पिऊं नये म्हणून एथिल अल्कोहोलांत मेथिल अल्कोहोल मिसळण्याच्या रीतीवरून तें नांव पडलें. सावध करावयाचें ज्या शब्दानें, त्याच्याच पोटांत मद्य!

"नाहीं बाबा, तें विष आहे," असें मीं हमालाला सांगितलें, आणि बाटलीवरच्या इंग्रजी नांवाखालीं ठळक देवनागरींत तेंच लिहिलें. इतकीं वर्षें तें तेथें नव्हतें, याची लाज वाटली.

व्युत्पत्ति मी अजून सांगतों. मात्र 'मधु'पाशीं थांबत नाहीं.