कोरांटीची जागा

देवाच्या फुलझाडांत एका काटेरी झुडुपास इतका मान असावा, हे लहानपणी आम्हांस विचित्र वाटे. जास्वंद, तगर, अनंत ही झाडे हात पुढे केला की फूल देतात. कोरांटी मात्र पानांच्या बेचक्यांत काटे रोखून उभी. पण पावसाळी फुले ओसरली की तिचा पिवळा बहर सुरू होतो, आणि तुळशीच्या लग्नाला आमच्या घरी हार असे तो तिच्याच फुलांचा.

आमच्या मातोश्रींनी ती अंगणाच्या कडेला, जांभ्या दगडांच्या गडग्याशी लावली होती. तेथे माती वीतभर, खाली कातळ, आणि ऊन दिवसभर. शिंपण्याचे नाव नाही. एके आषाढात आम्हांस सुबुद्धी सुचली. वाटेवर काटे नकोत, शिवाय बिचारीला चार घास चांगले मिळावेत, म्हणून आम्ही ती मुळासकट विहिरीपाशी, माडांच्या सावलीत हलविली. शेणखत घातले, पाऊस उघडल्यावर रोज कळशीभर पाणीही घातले. झुडूप छातीएवढे झाले, फांद्या लवंडल्या, आणि कार्तिक आला तरी फूल एकही नाही. मातोश्रींची दृष्टी तेव्हा मंदावली होती. परडी घेऊन त्या आल्या, फांद्या हाताने चाचपल्या आणि एवढेच म्हणाल्या, "पानां बरीं आयल्यांत." त्या वर्षीचा हार बाजारच्या झेंडूचा झाला.

युरोपच्या समुद्रकाठी वाळूत एरिंजियम नावाचे निळसर काटेरी झुडूप उगवते. बागेतल्या सकस मातीत तेही असेच लांबते आणि कोलमडते, हे पुढे वाचनात आले. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. १६७८ ते १६९३ या काळात निघालेल्या 'हॉर्टुस मलबारिकुस' या ग्रंथात कोरांटी आहे, आणि त्या ग्रंथाच्या कामी रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पू भट्ट हे आमच्याच कोंकणी बोलीचे वैद्य होते. त्यांस जी ठाऊक होती, ती आमच्याच अंगणात आम्हांस ओळखता आली नाही.

होळीच्या सुमारास आम्ही विहिरीजवळचे झुडूप हातभर ठेवून छाटले. आषाढात त्याचे फाटे गडग्याशी खोचावयास गेलो, तो तेथे कोरांटीची रोपे आधीच उभी! तिचे वाळलेले बोंड पाण्याचा थेंब लागताच तडकते आणि आतल्या दोन चपट्या बिया दूर उडवते. जुन्या झाडाने आपली सोय केव्हाच करून ठेवली होती. आम्ही फक्त भोवतीचे तण काढले. खत घालण्यास हात शिवशिवत होता, तो आवरला.

भाद्रपदात मातोश्री गेल्या.

त्या कार्तिकात गडगा पिवळा झाला. फुले वेचताना, काटे न लागता नुसती पाकळ्यांची नळी चिमटीने ओढून घेण्याची त्यांची हातोटी आम्हांस साधली नाही, बोटे रक्ताळली. वर्ष पुरे व्हावयाचे होते, त्यामुळे आमच्या अंगणात तुळशीचे लग्न नव्हते. परडी भरली ती आम्ही शेजारच्या घरी नेऊन दिली.