सीटमधली माया

माझी उंची ६ फूट २ इंच. आईची ४ फूट ११ इंच. घरी जीप एकच, आणि ती आम्ही दोघंही चालवतो. पुढची सगळी कहाणी एवढ्यातूनच सुरू होते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. शेत डोंगराच्या पायथ्याला, आणि शेवटचा दोनेक किलोमीटर रस्ता म्हणजे रस्ता म्हणायची फक्त पद्धत. मध्ये एक ओढा लागतो. पावसाळ्यात फोर बाय फोर लो टाकल्याशिवाय गाडी पलीकडे जात नाही. म्हणून आमच्याकडे जीप आहे, रीलसाठी नाही. पूर्वी ती अण्णा चालवायचे. त्यांचा डावा गुडघा बदलला तेव्हा क्लच सुटला आणि क्लचबरोबर जीपही. मग वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी आई ड्रायव्हिंग शिकली. आज नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट तीच नेते. मी पुण्यात कोड लिहितो आणि शुक्रवारी रात्री गावी येतो. शनिवार-रविवार जीप माझ्या हातात असते.

उंच माणसाला जुन्या जीपमध्ये काय होतं, ते उंच माणसालाच विचारा. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली तरी गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. क्लचवरून पाय उचलताना डावा गुडघा चाकाला घासतो. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्यायचा तर आधी गुडघा बाहेर काढावा लागतो. हायवेला हे नुसतं त्रासाचं असतं. ओल्या उतारावर मात्र ब्रेकवर पाय पोचायला लागलेला तो अर्धा सेकंद फार मोठा वाटतो. अण्णाही सहा फुटी. पंधरा वर्षं ते असेच दुमडून बसले. त्यांच्या मते गुडघा जीपनं खाल्ला. डॉक्टर म्हणाले, असं एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मला डॉक्टरांचं पटतं, पण अण्णांचंही वाक्य डोक्यातून जात नाही.

या अडचणीची मुळं फार जुनी आहेत. सगळ्या जीपची पणजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज. १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून तशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. आजची छोटी हॅचबॅकही याहून ऐसपैस असते. त्या दोन मीटरमध्ये इंजिन, दोन गिअरबॉक्स, माणसं आणि सामान बसवायचं होतं, आणि पेट्रोलची टाकी चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली होती. अशा सीटला मागेपुढे सरकायची मुभा कोण देणार? सैनिक तरुण होते, गाडी हलकी हवी होती, आराम कुणी मागितला नव्हता. पुढे १९४७ मध्ये महिंद्रानं मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली आणि ती गाडी आपल्याकडे शेतात, धरणांवर, पोलिसांत, निवडणुकीच्या प्रचारात सगळीकडे पोचली. नंतरच्या जीपमध्ये टाकी हलली, सीटखाली रूळ आले. पण एक ठेवण बऱ्याच गाड्यांत टिकली: ड्रायव्हरच्या पाठीमागे लगेच मागच्या चाकावरची पत्र्याची पेटी. सीट मागे जाते ती त्या पेटीपर्यंतच.

यावर बाजारात उपाय मिळतो. नाना पेठेत एका दुकानदारानं काउंटरवर चार लोखंडी पट्ट्या ठेवल्या. जमिनीतल्या मूळ बोल्टच्या जागी पट्टी बसवायची आणि पट्टीवर दोन इंच मागे असलेल्या भोकांत सीटचा रूळ. "साहेब, अर्ध्या तासाचं काम. पाय एकदम मोकळे." याला सीट एक्स्टेंडर म्हणतात. जगभरातले उंच जीपवाले ते वापरतात, आणि गाडी एकाच माणसाची असेल तर कल्पना चांगली आहे.

पण इथे एक साधं गणित आहे. आमच्या सीटचा रूळ १६ सेंटिमीटर सरकतो. एक्स्टेंडर लावला तरी तो १६च सरकणार. मागची शेवटची खाच ५ सेंटिमीटर मागे जाते, तशी पुढची पहिली खाचही ५ सेंटिमीटर मागे जाते. रूळ लांबत नाही, फक्त जागा बदलतो. मला मिळणारी प्रत्येक जागा आईच्या पायाखालून निघणार होती. आणि आई आधीच पहिल्या खाचेत, पाठीमागे उशी घेऊन बसते.

हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "मग काकूंना अजून एक उशी द्या की." सल्ला साधा वाटतो, पण तो चालत नाही. क्लच दाबताना पाठ सीटवर रेटली जाते. मागे जाड, मऊ उशी असेल तर आधी उशी दबते आणि मग क्लच. क्लच तळापर्यंत गेला नाही की गिअर करकरतो, प्लेट झिजते, आणि चढावर गाडी मागे घरंगळते. ओढ्याच्या चढावर क्रेट भरलेली जीप मागे घरंगळली तर काय होईल, ते आईला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

गॅरेजमध्येही सगळे माझ्याशीच बोलत होते. गाडी "पोराची", काकू "अधूनमधून" चालवतात, असं गृहीत धरलं गेलं. खरं उलट आहे. मी आठवड्याला दोन दिवस चालवतो, ती पाच. माझ्या गुडघ्यांसाठी तिचा क्लच लांब गेला असता तर ती पुन्हा कुणाच्या तरी गाडीची वाट बघत शेताच्या बांधावर उभी राहिली असती. हा पाच सेंटिमीटरचा व्यवहार मला महाग वाटला.

त्या आठवड्यात मी मोजमापांच्या मागे लागलो आणि एक गंमत सापडली. गाड्यांच्या धडक-चाचणीत जे पुतळे बसवतात, त्यातलं हायब्रिड ३ हे कुटुंब सगळ्यात जास्त वापरलं जातं. मधला पुरुष सुमारे १७५ सेंटिमीटर. मोठा पुरुष सुमारे १८८, म्हणजे बरोबर मी. छोटी स्त्री सुमारे १५०, म्हणजे बरोबर आई. चाचणीची दोन्ही टोकं आमच्याच घरात जेवायला बसतात. फरक इतकाच, की ती टोकं अमेरिकन मापांवरून ठरलेली आहेत. तिथे १५० सेंटिमीटर म्हणजे शंभर बायकांतल्या सगळ्यात बुटक्या पाचांमधली. आपल्याकडे तेवढ्या उंचीच्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना कुणी बुटकं म्हणतही नाही.

'सरासरी माणूस' या कल्पनेची फजिती तर फार पूर्वीच झाली आहे. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलानं हजारो वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानं ४,०६३ जणांची दहा मापं तपासली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. दहाही मापांत साधारण मध्यात बसणारे किती? एकही नाही. सरासरीसाठी बनवलेलं कॉकपिट कुणासाठीच बनलेलं नव्हतं. तेव्हापासून उत्तर ठरलं: सरासरी शोधू नका, सीट सरकती करा. गाडीच्या सीटखालचा रूळ याच विचाराचा आहे. प्रश्न फक्त तो किती सरकतो एवढाच.

आईला हे सगळं सांगितलं. तिनं पूर्वी वीस वर्षं घरी शिवणकाम केलंय. ती म्हणाली, "मग यात नवीन काय? कपड्यात आम्ही माया ठेवतोच की. पोरगं वाढलं की उसवायचं. तुझ्या सीटला माया कमी पडली." शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ऑफिसात आम्ही याच गोष्टीवर मीटिंगा घेतो.

मग तिनंच टेप काढला. "उभ्यानं माप घेऊ नकोस, बसून घे," हा तिचा पहिला नियम. तिला आणि मला आळीपाळीनं सीटवर बसवून आम्ही चार गोष्टी मोजल्या. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो का. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचतं का. मांडी आणि स्टिअरिंग यांच्यात बंद मूठ जाते का. आणि पट्टा खांद्यावरून नीट उतरतो का. यातला मनगटाचा नियम उंच लोक विसरतात. सीट मागे गेली की पाय सुखावतात, पण स्टिअरिंग तिथेच राहतं आणि हात ताणले जातात. पट्ट्याचंही तसंच. त्याचं वरचं टोक गाडीच्या खांबाला असतं. सीट त्याच्या फार मागे गेली की पट्टा आधी पुढे जातो आणि मग छातीवर येतो, म्हणजे खांद्याला बिलगतच नाही.

आकडा निघाला: मला ४ सेंटिमीटर मागे हवेत. पाच नकोत. त्याच्या पुढे पाठ चाकावरच्या पेटीला लागते आणि हातही पुरत नाहीत. आईला २ सेंटिमीटर पुढे हवेत, म्हणजे जाड उशी जाऊन पातळ, कडक पाठटेक पुरेल. एकूण सरक १६ नव्हे, २२ हवी. म्हणजे पट्ट्या मागे नेऊन भागणार नव्हतं, रूळच लांब हवा होता. असे रूळ सुटे मिळतात. दोन्ही बाजूंना लॉक असलेलेच घ्यायचे. आमच्या जुन्या सीटला एकाच बाजूला लॉक होतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर सीट जराशी तिरकी हलायची.

रूळ आणि जमीन जोडायला भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी पट्ट्या करून घेतल्या. इथे कंजुषी करायची नसते. सीट म्हणजे फर्निचर नव्हे. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत सीटनं स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोर सोसावा अशी अट आहे. १५ किलोची सीट म्हणजे ३०० किलोचा ओढा, आणि मूळ भोकापासून बाजूला सरकलेला बोल्ट हा जोर पट्टीला वाकवून पुढे पोचवतो. म्हणून पातळ पत्रा चालत नाही, आणि डोक्यावर १०.९ कोरलेले बोल्टच घ्यायचे. सीट सहा मिलिमीटर वर आली, तेवढा गादीचा फोम कमी केला. नाहीतर मांडी पुन्हा स्टिअरिंगला लागली असती.

गाडीच्या जमिनीत नवीन भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. एक तर पत्रा कमजोर होतो, दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील मूळ गाडीशी जुळेनासे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलंय. आमच्या बदलात आसनं तेवढीच, इंजिन तेच, चाकं तीच. शिवाय जुने रूळ गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. एका दुपारात गाडी होती तशी करता येते.

सगळा खर्च साडेसहा हजार. नाना पेठेतल्या पट्ट्या याच्या चौथाई किमतीत आल्या असत्या. अण्णांनी बसून बघितलं, डावा पाय क्लचवर नुसता ठेवला, दाबला नाही. "एवढंच करायचं होतं होय," म्हणाले आणि उतरले. चार सेंटिमीटर म्हणजे अंगठ्याची दोन पेरंही नाहीत. पण उतारावर आता माझा पाय गुडघा न वळवता ब्रेकवर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अजूनही हात मांडीला लागतो. ते तसंच राहणार, गाडी दोन माणसांची आहे.

आईनं रुळावर तिच्या खाचेशी लाल नेलपॉलिशची रेघ मारलीय. रविवारी रात्री पुण्याला निघण्याआधी मी सीट त्या रेघेवर आणून ठेवतो. सोमवारी पहाटे पाचला क्रेट भरलेले असतात, आणि तेव्हा अंधारात लिव्हर शोधत बसायला तिला वेळ नसतो.