डिझाइनला राहिलेली मुले

आर्किटेक्चरच्या कॉलेजात निकाल लागला की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘यंदा डिझाइनला निम्मा वर्ग उडाला.’ बोलणाऱ्याच्या आवाजात खंत क्वचितच असते. बहुतेक वेळा असतो तो अभिमान. आमच्याकडे सहजासहजी कुणी सुटत नाही, आमचा दर्जा वरचा, असा त्याचा अर्थ. व्यवसाय सांभाळून मी बरीच वर्षे शिकवतो आहे, परीक्षक म्हणून वेगवेगळ्या कॉलेजांत जातो, आणि हे वाक्य ऐकले की अस्वस्थ होतो. निम्म्या वर्गाला विषय आला नसेल, तर तो निकाल मुलांच्या आधी आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

पाच वर्षांच्या, दहा सत्रांच्या बी. आर्क.चा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. तिथे फळा-खडूचे काम थोडे. मुलाने रेखाटन आणायचे, शिक्षकाने त्याच्या टेबलाशी बसायचे, वर बटर पेपर टाकायचा आणि बोलत बोलत रेषा ओढायच्या. शिकणे होते ते या तासा-अर्ध्या तासात. डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ साली लिहिलेल्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात असाच एक प्रसंग बारकाईने उलगडून दाखवला आहे. पेट्रा नावाची विद्यार्थिनी शाळेची इमारत उताराच्या जागेवर बसवू पाहते आणि अडकते. तिचे शिक्षक तिच्या चित्रावर ट्रेसिंग ठेवून स्वतः काढू लागतात. आधी उतारावर एक शिस्त लादून पाहू, मग ती हवी तिथे मोडू, अशा रीतीने मोठ्याने विचार करत पुढे जातात. अनुभवी माणसाचा हात आणि डोके एकत्र कसे चालतात, हे ती शेजारी बसून पाहते. वास्तुकला शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. वर्ग मोठा आणि शिक्षक अपुरे असले की सगळ्यांत आधी आक्रसतो तो नेमका हाच अर्धा तास.

मग उरते ज्युरी. शीट भिंतीवर, मॉडेल टेबलावर, समोर तीन-चार परीक्षक, आणि दोन रात्री न झोपलेले मूल. पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत पूर्वी बंद दाराआड परीक्षक चित्रे तपासत. विद्यार्थी तिथे नसायचाच, त्याच्या हाती पडे तो फक्त निकाल. पुढे दार उघडले, विद्यार्थी आत आला, ही सुधारणाच. पण कारण सांगितल्याशिवाय निकाल देण्याची जुनी खोड पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. ‘मजा नाही आली’, ‘स्पेस वाटत नाही’, ‘अजून वर्क कर’ हे शेरे आमच्या पेशात सर्रास ऐकू येतात. यातून मुलाने उद्या सकाळी कोणती भिंत हलवायची?

एका ज्युरीत कोकणातून आलेली एक मुलगी होती. विषय होता तालुक्याच्या गावातले वाचनालय. एका परीक्षकाने इंग्रजीत कन्सेप्ट विचारला. ती अडखळली, गप्प झाली. बाजूला एक साधे सेक्शन लावलेले होते : नैर्ऋत्येकडे खोल पडवी, छपराची वळचण नेहमीपेक्षा लांब, आणि पागोळीचे पाणी जमिनीवर आपटून कुठवर उडेल ते दाखवणाऱ्या तुटक रेषा. मी मराठीत विचारले, ‘पाऊस इकडून येतो म्हणून का?’ मग ती थांबेचना. चिऱ्याची भिंत ओल कशी धरते, पुस्तकांची कपाटे म्हणूनच आतल्या भिंतीला का लावली, पावसाळ्यात पडवीत बसून लोक पेपर कसे वाचतील, सगळे तिने डोळ्यांसमोर उभे केले. मी म्हटले, ‘हे सेक्शन तुझ्या सरांना दाखवलं होतंस?’ ती म्हणाली, ‘सर, सेमिस्टरमध्ये माझा नंबर दोनदाच लागला.’

ती जेमतेम सुटली. तिला सगळ्यात जास्त कळत होते नेमके तेच सत्रभर कुणाच्या नजरेला पडले नव्हते.

दुसरा विषय, जिथे मुले गठ्ठ्याने राहतात, तो स्ट्रक्चर्स. हा विषय अवघड आहे हे मला मान्य नाही. तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाने शिकवला जातो. सिव्हिलच्या नोट्स थोड्या छाटून आणल्या जातात, आणि मुले बेंडिंग मोमेंटचे सूत्र पाठ करतात. तेच मूल वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत बारा मीटरच्या हॉलवर बीमची खोली अंदाजाने काढते, कारण खालच्या वर्गातल्या सूत्राचा या हॉलशी काही संबंध आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. प्रत्येकाच्या दप्तरात प्लॅस्टिकची पट्टी असते. ती दोन पुस्तकांवर आडवी टेकवून मध्ये बोट दाबले की लगेच वाकते. तीच उभ्या धारेवर धरा, हलत नाही. पट्टी तीस मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असेल, तर उभी धरल्यावर तिचा वाकण्याला होणारा विरोध शंभर पट होतो. प्लॅस्टिक तेच, वजन तेच. हे बोटाला एकदा जाणवले की बीम खोल का करायचा ते मुलाला वेगळे पाठ करावे लागत नाही. सूत्र नंतर शिकवावे, आणि ते त्याच्याच हॉलच्या बीमवर शिकवावे.

नियम नाहीत असे नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली. तिच्या १९८३च्या नियमावलीने वर्गात चाळीसच मुले आणि आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले होते. २०२०च्या नियमावलीत ते दहामागे एक झाले. शिक्षकाने प्रत्यक्ष व्यवसायही करावा, अशी त्या जुन्या नियमांची इच्छा होती. हे फार शहाणपणाचे होते. ज्याने साइटवर स्लॅब पडताना पाहिला आहे, ठेकेदाराशी वाद घातला आहे, तो टेबलाशी बसला की वेगळे बोलतो. पण महाराष्ट्रात खासगी कॉलेजे भराभर निघाली, तेवढ्या वेगाने शिक्षक कुठून येणार? एम. आर्क. होऊन थेट वर्गात उभी राहिलेली तरुण मंडळी कष्टाळू असतात, पण त्यांना शिकवायचे कसे हे कुणी शिकवत नाही, आणि कित्येक ठिकाणी पगारही वेळेवर मिळत नाही. व्यवसाय करणारे व्हिजिटिंग म्हणून येतात, तासाच्या मानधनावर, एक डोळा घड्याळावर ठेवून. त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. कॉलेजने शिक्षकावर पैसा आणि वेळ खर्च करायला हवा. इमारतीच्या काचेच्या दर्शनी भागावर तो होतो, हे पाहून मात्र राग येतो.

नापास होण्याची किंमत मुलाच्या घरी मोजली जाते. केटी लागली, म्हणजे राहिलेला विषय पुढे ओढावा लागला, तर पुढच्या सत्राच्या कामात मागचे काम मिसळते. टर्म ग्रँट झाली नाही, वायडी झाला, म्हणजे अख्खे वर्ष गेले, की वर्षाची फी, खोलीभाडे, मेस, प्रिंटचा आणि सनबोर्डचा खर्च पुन्हा. बारावीला उत्तम गुण मिळवलेले, नाटा ही प्रवेशपरीक्षा दिलेले मूल घरी फोनवर नीट बोलेनासे होते. ते स्वतःला मठ्ठ समजू लागते, आणि त्याचे काय चुकले ते त्याला अजूनही माहीत नसते.

डिझाइनला कुणालाच नापास करू नये, असे मी म्हणत नाही. जिन्याचे हेडरूम ज्याला काढता येत नाही, आगीत माणसे बाहेर कशी पडतील हे ज्याला सुचत नाही, त्याच्या सहीवर इमारत उभी राहू नये. अशा मुलाला जरूर थांबवावे. पण त्याच्या शीटवर लाल पेन्सिलीने लिहून थांबवावे : इथे डोके आपटेल, इथे दार उलटे उघडते, इथे पाणी साचेल. एवढे लिहायला एका मुलामागे वीस मिनिटे लागतात. शेवटची ज्युरी सबमिशनच्या दोन आठवडे आधी घ्यावी, म्हणजे ऐकलेले चित्रात उतरवायला वेळ मिळेल. आणि एखाद्या वर्षी निम्मा वर्ग राहिला, तर प्राचार्यांनी मुलांच्या पालकांना बोलावण्याआधी आम्हा शिक्षकांना बोलावून विचारावे, की सत्रभरात कोणत्या मुलाच्या टेबलाशी तुम्ही किती वेळा बसलात.