छपरावरचे पांढरे दंव

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाकडून लोकांच्या काही ठरावीक अपेक्षा असतात. त्याने लंडनचा पूल पाहिलेला असावा, राजवाड्यापुढचे लाल डगलेवाले पहारेकरी पाहिलेले असावेत आणि शेक्सपिअरच्या गावी जाऊन थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने उभे राहिलेले असावे. मराठीच्या प्राध्यापकाकडून तर ही शेवटची अपेक्षा फारच असते. मी यांतले काहीही केले नाही. २०२३ सालच्या नोव्हेंबरात तीन आठवडे लेस्टरला थोरल्या बहिणीकडे राहिलो आणि मुख्यतः घरांच्या भिंती पाहून परत आलो.

लेस्टर लंडनहून आगगाडीने सव्वा तासाच्या अंतरावर. स्टेशनाबाहेर पडताच टॉमस कुकचा पुतळा भेटतो. १८४१ साली या गृहस्थाने दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एकेका शिलिंगात आगगाडीने जवळच्या लफबरो गावी नेली आणि जगाला सहलीचे व्यसन लावले. एक व्यसन सोडवायला निघालेल्या माणसाने दुसरे लावावे, ही मोठीच गंमत. पुढे १९७२ साली युगांडातून हुसकावलेली हजारो भारतीय कुटुंबे याच गावात आसऱ्याला आली. त्यामुळे येथल्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला रोषणाई होते ती आपल्या लक्ष्मी रोडलाही मान खाली घालायला लावील अशी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १२ नोव्हेंबरला, आम्ही ती पाहिली, गरम जिलेबी खाल्ली आणि कुडकुडत घरी आलो. कुडकुडणे घराबाहेर संपते अशी माझी समजूत होती. ती घरात शिरल्यावर संपली.

ताईचे घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. लाल विटांच्या घरांची लांबच लांब रांग, एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत. आपली चाळ उभी कापून एकेक तुकडा एकेका बिऱ्हाडाला द्यावा, तशी. पुढे विसाव्या शतकात तिकडे दुहेरी भिंती बांधू लागले, मधे पोकळी ठेवून. त्या पोकळीत ऊब धरणारा कापूस भरता येतो. पण या जुन्या भिंती नऊ इंची, भरीव. आतली ऊब त्या मुकाट्याने बाहेर नेऊन सोडतात.

आणि तिकडे ऊब विकत घ्यावी लागते. जिन्याखाली मीटर होता. दुकानात जाऊन विजेची किल्ली आणि गॅसचे कार्ड भरून आणायचे, मीटरात घालायचे, की शेगडी पेटते. शिल्लक किती ते छोट्या पडद्यावर दिसते. भाऊजी त्या आकड्याकडे कसोटी सामन्याच्या धावफलकासारखे पाहत. २०२१च्या उन्हाळ्यात सर्वसाधारण घराचा वर्षाचा गॅस-विजेचा खर्च ११०० पौंडांच्या आसपास होता. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर २०२२च्या ऑक्टोबरात तो ३५०० वर जाणार होता. सरकारने मधे पडून २५०० वर आणला. भाऊजी बसचालक. छातीच्या दुखण्याने नोकरी सुटलेली. डॉक्टर म्हणत, उबेत राहा. मीटर म्हणे, पैसे भरा.

"पण सरकार काही करत नाही का?" मी विचारले.

"करते तर! वीज विकणाऱ्यालाच सांगते, लोकांना वीज कमी लागेल असे कर."

मला ही थट्टा वाटली. मिठाईवाल्याने गिऱ्हाइकाला पथ्य सांगावे, तशी. पण ती खरी होती. १९९४ सालापासून तेथे ही रीत होती. आरंभी दर गिऱ्हाइकामागे वर्षाला एक पौंड या कामासाठी काढला जाई. पुढे योजनेची नावे बदलत गेली आणि २०१३ साली तिचे 'ऊर्जा कंपन्यांवरील बंधन' झाले. मोठ्या कंपन्यांना सरकार लक्ष्य ठरवून देई, ऑफजेम नावाचा नियामक हिशेब तपासे, लक्ष्य चुकले तर दंड. कंपन्या मग कंत्राटदारांकडून लोकांच्या घरांची माळ्यांची, भिंतींची कामे करून घेत. २०२२पासूनच्या टप्प्यात हा लाभ गरीब आणि आजारी माणसांच्या घरांसाठी राखला गेला. घरमालकाला बहुधा पैसा द्यावा लागत नसे. खर्च सगळ्यांच्या बिलांत थोडाथोडा विरघळे. हात कंपनीचा, खिसा गिऱ्हाइकांचा!

ताईने स्वयंपाकघरातला एक खण उघडून दाखवला. आत काटकसरीच्या दिव्यांची खोकी, न फोडलेली. एके काळी कंपन्यांनी लक्ष्य गाठण्यासाठी असे दिवे घरोघर फुकट टपालाने धाडले. दिवा पोहोचला की हिशेबात वीज वाचली. तो खणात निजला तरी चालेल! अखेर २०१०मध्ये हे न मागता धाडणे बंद झाले. मला आमची २०१५नंतरची रांग आठवली. वीजबिल दाखवून आपण एलईडी दिवे स्वस्तात घेतले होते, आठवते ना? पण ते आपण उन्हात उभे राहून घेतले, म्हणून घरी येताच लावलेही. फुकटच्या वस्तूला खण मिळतो, रांगेतल्या वस्तूला भिंत.

मात्र सगळेच खणात निजलेले नव्हते. महिन्याच्या शेवटी एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. भाऊजींनी मला मागच्या अंगणात नेले नि म्हणाले, "छपरे पाहा." रांगेतल्या बहुतेक छपरांवरचे दंव वितळून काळी भोके पडली होती. ताईचे छप्पर मात्र अखंड पांढरेशुभ्र! दहा वर्षांपूर्वी याच योजनेतून एका म्हाताऱ्या कारागिराने माळ्यावर जाड लोकरीसारखा थर अंथरला होता. घरातली ऊब वर जात नाही, म्हणून छप्पर थंड राहते. ज्याच्या छपरावर दंव टिकते, त्याचे घर उबदार. हे उलटे गणित मला फार आवडले.

कडेच्या घरात एक इंग्रज आजी एकट्या राहत. ताई रोज त्यांना वाटीभर आमटी देई. त्या दिवशी वाटी घेऊन मी गेलो. आजी स्वयंपाकघरातच खुर्चीवर निजत होत्या. वरच्या खोलीची भिंत हाताएवढ्या काळ्या बुरशीने भरली होती. वर्षापूर्वी या योजनेतूनच त्यांच्या भिंतीला बाहेरून फोमचे जाड तक्ते लावून वर गिलावा दिला होता. कल्पना चांगली, घराला स्वेटर घातल्यासारखी. पण भिंत जाड झाली की छपराची आणि खिडकीची कडही पुढे आणावी लागते, नाहीतर पावसाचे पाणी तक्त्यांच्या मागे उतरते. हवा खेळायच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. येथे कड आणली नव्हती आणि जाळ्या बुजवल्या होत्या. आजींनी फोन केला, तर कंपनीने कंत्राटदाराचे नाव सांगितले, कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराचे आणि पोटकंत्राटदाराने सल्ला दिला, खिडक्या उघड्या ठेवा!

"माझेच चुकत असेल," आजी खोकत म्हणाल्या. "मी कपडे घरात वाळत घालते ना."

हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

तोच फॉर्म ताईच्या टेबलावर होता. गुरुवारी पाहणीला माणूस येणार होता. भाऊजींना सही करायची होती. "फुकट आहे. आणि छाती माझी आहे," ते म्हणाले. ताई गप्प. शेवटी मला म्हणाली, "अरे, तू एवढी परीक्षेची पत्रिका काढतोस, त्याच्यासाठी काढ." मी पाच प्रश्न काढले: छपराची कड, खिडकीची कड, जाळ्या, लेखी हमी आणि बिघडल्यास दार कोणाचे ठोठावायचे. मुलगा तरुण, फार सभ्य. तीन प्रश्नांची उत्तरे त्याने दिली. खिडकीच्या कडेविषयी आणि शेवटच्या दाराविषयी मात्र म्हणाला, "तो माझा विभाग नाही." ताईने फॉर्म परत दिला. भाऊजी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलले. त्या हिवाळ्यात ते दोनदा इस्पितळात गेले. मी काढलेली पत्रिका बरोबर होती की नाही, हे मला तेव्हा छातीठोकपणे सांगता आले नसते. निघण्यापूर्वी आजींच्या नावाने तक्रारीचे एक लांबलचक पत्र लिहिले, तेवढेच.

२०२५च्या ऑक्टोबरात तेथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. या आणि सोबतच्या दुसऱ्या योजनेत ज्या घरांना बाहेरून असे तक्ते लावले, त्यांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष. म्हणजे सुमारे २२ ते २३ हजार घरे. आतून तक्ते लावलेल्यांत २९ टक्के. देखरेख ढिली होती, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात सरकारने ही योजना पुढे न चालवण्याचे जाहीर केले. ताईने फोनवर अहवाल वाचून दाखवला. मागून भाऊजींचा आवाज आला, "प्राध्यापक पास झाले म्हणावे!" मला हसू आले, पण आनंद झाला नाही. लबाडी भिंतीत होती, माळ्यावरच्या थरात नव्हती. पण योजना गेली ती दोघांनाही घेऊन. कोणाच्या तरी छपरावर आता तो म्हातारा कारागीर चढणार नाही.

त्या डिसेंबरात ताईने एक छायाचित्र पाठवले. आजींची भिंत उकलून नव्याने केलेली. खिडकीखालची कड बोटभर पुढे आलेली. खाली ताईने लिहिले होते, "आजी काल वरच्या खोलीत झोपल्या. म्हणाल्या, चूक माझी नव्हती तर!"