काचेपलीकडचा साक्षीदार

भयकथांचा मला लहानपणापासून नाद आहे. चाळिशी ओलांडलेल्या वकिलाने असले व्यसन चारचौघांत कबूल करावे की नाही, हा प्रश्नच आहे. पण दिवसभर कुळांचे आणि वाटण्यांचे कागद चाळल्यावर रात्री एखादे भूत भेटले, तर ते मला अशिलापेक्षा सुसह्य वाटते.

या नादाचे मूळ शोधू गेलो, तर ते आमच्या गावच्या देवळात सापडते. जत्रेच्या काल्यात मध्यरात्र उलटली की संकासुर येई. अंगभर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ! मोठी माणसे त्याच्या बोलण्याला खदखदून हसत. मी मात्र आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसे. काळे ते वाईट, हे समीकरण त्या मंडपात माझ्या मनावर जे कोरले गेले, ते कायमचे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री घरी एकटाच होतो. भुताच्या आशेने एक इटालियन चित्रपट लावला. दारिओ आर्जेन्तो या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट, १९७० सालचा. नाव ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’. तिकडे अशा खूनकथांना ‘जाल्लो’, म्हणजे ‘पिवळा’ म्हणतात. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून गुन्हेकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, आणि वेष्टनाचा रंग हेच त्या प्रकाराचे नाव होऊन बसले. भूत काही आले नाही. जे आले, ते मात्र अजून गेलेले नाही.

रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री पायी घरी चालला आहे. रस्त्यापलीकडे एका कलादालनात लख्ख उजेड आहे आणि आत एक काळ्या वेषातला पुरुष व पांढऱ्या वेषातली स्त्री यांची झटापट चालली आहे. हा धावतो, पण दालनाच्या दोन काचदारांमध्ये कोंडला जातो. पुढे ती स्त्री रक्तबंबाळ होऊन सरपटते आहे, मागे रस्ता आहे, आणि याची हाक कुणालाही ऐकू जात नाही. तो फक्त पाहू शकतो. शहरात तरुणींचे खून आधीच चालू असतात, त्यामुळे पोलीस त्याचे पारपत्र ठेवून घेतात आणि पुनःपुन्हा विचारतात, “काय पाहिलेस?” तो सगळे सांगतो. तरीही त्याला सारखे वाटत राहते, की आपण पाहिलेल्यात काहीतरी विपरीत होते; नेमके काय, ते हाती लागत नाही.

चित्रपट पन्नास वर्षांहून जुना आहे, तेव्हा रहस्य फोडण्याचे पाप वाचक पोटात घालतील. सुरी त्या स्त्रीच्याच हातात होती. काळ्या वेषातला पुरुष तिचा नवरा होता आणि तो ती सुरी हिसकावून घेऊ पाहत होता. लेखकाच्या डोळ्यांनी सारे बरोबर टिपले होते. निकाल मात्र मनाने परस्पर देऊन टाकला होता. काळा तो मारेकरी, पांढरी ती बळी! मीही तोच निकाल दिला होता. संकासुर माझ्या शेजारीच बसला होता म्हणा ना.

साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट ज्याने स्वतः पाहिली त्यानेच ती सांगावी, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ६० वे कलम सांगत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो नियम कायम ठेवला आहे. पण पाहणे आणि उमगणे यांत किती अंतर असते, ते कोणते कलम मोजणार?

वकिलीच्या आरंभीच्या काळात एका मारहाणीच्या खटल्यात मी आरोपीतर्फे उभा होतो. माडावर चढून नारळ पाडणारा एक वृद्ध साक्षीला आला. पहिल्या जबाबात त्याने काठी दुसऱ्याच्याच हातात पाहिल्याचे सांगितले होते. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो म्हणाला, की त्या दुसऱ्याने ती माझ्या अशिलाकडून हिसकावून घेतली होती. मी आमचा ठेवणीतला प्रश्न टाकला, “मग तेव्हा खोटे बोललात, की आता?”

म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “वकीलबाब, हांवें पळयलें तें सांगलें; पूण कितें पळयलें तें मागीर समजलें.”

न्यायालयात हशा पिकला. मीही हसलो. विसंगतीची नोंद झाली आणि अशील सुटला. त्याने आणलेला पेढ्यांचा पुडा मी घरी देवापुढे ठेवला.

अशिलाचा बचाव करणे हे माझे कर्तव्य होते. त्याबद्दल मला लाज वाटत नाही. अशील दोषी होता, असेही मी म्हणत नाही. ते मला तेव्हाही ठाऊक नव्हते, आजही नाही. पण माझ्या प्रश्नात दोनच दारे होती आणि दोन्ही खोटेपणाची. खरे पाहून चुकीचे समजलेला आणि मग रात्र रात्र आठवून चूक सुधारलेला प्रामाणिक माणूस त्या दोन दारांमध्ये उभा होता. काचेतून मी त्याला पाहत होतो. त्याची हाक मात्र मला ऐकू आली नाही.

चित्रपट संपल्यावर दिवा मालवायला हात धजेना. भयकथांच्या जुन्या रसिकाला हे शोभत नाही. पण त्या अंधारात संकासुर नव्हता, तो म्हातारा होता, आणि अजून तसाच गप्प उभा होता.

उलटतपासणीत तो प्रश्न मी आजही विचारतो. पोटाचा धंदा आहे. फक्त साक्षीदार अडखळला, की पूर्वीसारखा लगेच दुसरा प्रश्न टाकीत नाही. थोडा थांबतो.