बोलेरो की स्कॉर्पिओ?

घरात माणसं सात, गाडी सेकंड-हँड आणि डिझेलचीच हवी... कोल्हापुरात एवढं बोललं की सल्ला द्यायला अख्खी गल्ली गोळा होते! शेवटी पर्याय उरले दोन : २०१७ ची बोलेरो आणि २०१६ ची स्कॉर्पिओ.

स्कॉर्पिओचं इंजिन २.२ लिटरचं, बोलेरोचं १.५ चं. सात माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट चढताना हा फरक कळतोच. शिवाय बोलेरोला मागे पाटे, स्कॉर्पिओला कॉइल स्प्रिंग. दादा म्हणाला, "स्कॉर्पिओ. विषय कट!"

मी मात्र दोन्ही गाड्यांचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर बघितलेल्यांना कारण सांगायला नको. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं, पण पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून जाते. स्कॉर्पिओच्या पट्ट्यावर ती होती. मालक म्हणाले, "धूळ हाय ओ ती!"

असेलही. पण पाण्यात राहिलेलं वायरिंग आज चालतं आणि काही महिन्यांनी गंजून कधीही दगा देतं. ते रात्री घाटात, आई आणि भाचरं गाडीत असताना झालं तर? दादाही मग काही बोलला नाही.

बोलेरो घेतली. चढाला लवकर खालचा गिअर टाकावा लागतो, आणि आई प्रत्येक खड्डा मोठ्याने मोजते. मोजू दे!

तुम्हीही जुनी गाडी बघायला गेलात, तर बॉनेट उघडण्याआधी पट्टा ओढा.